दाराचं माप

“माप घेतलंस?” दस्तगीर मिस्त्रींनी विचारलं.

घेतलं नव्हतं. मी गाडीभोवती फिरत होतो. देवळाला घालाव्यात तशा प्रदक्षिणा चालल्या होत्या आणि मिस्त्री वर्कशॉपच्या पायरीवर बसून, बशीतला चहा फुंकत त्या मोजत होते.

सुट्टीचा दिवस होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचा आवाज बंद असला की चिमण्या आहेत हे कळतं. कडुनिंबाखाली दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. एक पांढरी सेडान, चार दारांची, लांबरुंद, मऊ गाद्यांची. गुळाचे व्यापारी पारीसशेठ यांची. दुसरी गडद हिरवी कूपे. दोनच दारं, उतरतं छप्पर, पोट जमिनीला टेकवून बसल्यासारखी. डॉक्टर शिंत्रे सिंगापूरहून कायमचे परतले तेव्हा ती त्यांच्यामागून बोटीनं आली होती, आणि अख्ख्या जिल्ह्यात तसली दुसरी नव्हती. दोन्ही मालकांना गाड्या विकायच्या होत्या, दोघांनी आठवडाभर बघायला म्हणून मिस्त्रींकडे ठेवल्या होत्या. उद्यमनगरानं त्यांचं बारसं एका दिवसात उरकलं. पांढरीला म्हणायचे दिवाणखाना आणि हिरवीला बेडूक.

“सतरा झाल्या,” मिस्त्री म्हणाले. “आता तरी माप घे. भूपाल, माझ्याकडं सहा वर्सं हाईस. माप आधी, मत मागनं. कितींदा सांगायचं?”

“मत झालंय मिस्त्री.”

“ते दिसतंयच की. बेडकानं गिळलंय तुला.”

खोटं कशाला बोलू? गिळलं होतं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. मिस्त्रींच्या हाताखाली मी इंजिनं खोलायला शिकलो, आणि सुट्टीच्या दिवशी माळावर धुरळा उडवत गाड्या पळवणाऱ्या टोळक्यात माझं बऱ्यापैकी नाव होतं. त्या हिरव्या गाडीकडे बघताना तिचं काय काय करायचं हे मला आपोआप दिसत होतं. स्प्रिंगा कापून आणखी खाली आणायची. सायलेन्सर बदलायचा. रुंद टायर घालायचे. रात्री झोपेतसुद्धा मी तिचे नट सोडवत होतो.

पण गाडी माझ्यासाठी नव्हती. गाडी अक्कासाठी होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, त्रिशला मगदूम. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तेविसाव्या वर्षी ती वडिलांची मोटरसायकल घेऊन जोतिबाला गेली होती. येताना एका वळणावर खडीवरून घसरली आणि कमरेखालचं सगळं त्या वळणावरच राहिलं. वडील त्याआधीच गेले होते. आईनं ती मोटरसायकल एका भंगारवाल्याला दिली, आणि त्याच्याकडून काही घेतलं नाही. तेव्हापासून अक्का चाकाच्या खुर्चीत होती. ती घरी बसून फौंड्रीच्या साच्यांची ड्रॉइंग काढायची. शिरोलीपासून कागलपर्यंतचे कारखानदार आमच्या दारात यायचे, कारण अक्काच्या कागदावर रेघ चुकत नसे.

त्या साली कागलच्या एका फौंड्रीनं तिला ड्रॉइंग ऑफिसची मुख्य म्हणून बोलावलं. मालक स्वतः घरी आला. “ऑफिस तळमजल्यावर आहे,” तो म्हणाला, “उतरण बांधून घेतो. संडासाचं दार मोठं करून घेतो. यायचं-जायचं मात्र तुमचं तुम्ही बघा. एक तारखेपासून या. नाही जमलं तर पंधरा दिवस आधी सांगा, दुसरा बघतो.”

कागल वीस किलोमीटर. रिक्षानं रोज जाणं-येणं कसं जमायचं? आई म्हणाली, भूपा सोडंल. अक्का म्हणाली, “भूपा सोडणार न्हाय. गाडी घ्यायची, ती हातानं चालंल अशी करून घ्यायची, आणि मी चालवत जातो.” आमच्याकडं बायाही ‘येतो-जातो’च म्हणतात.

आईनं त्या दिवशी जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री येऊन तिला समजावून गेले. स्टेअरिंगच्या खाली एक दांडा बसवायचा, ओढला की गाडी पळणार, ढकलला की ब्रेक लागणार. दोन्ही गाड्यांना आपोआप पडणारे गिअर आहेत, तेव्हा पायाचं कामच नाही. आरटीओचा कागदही रीतसर होतो. आई ऐकून घेत होती. शेवटी तिनं एकच विचारलं, “आणि हिला गाडीत उचलून कोण ठेवणार?”

“मी की,” मी म्हणालो.

त्याचं असं होतं. आमच्या घरात कुठलाही बेत ठरला की पहिला प्रश्न हाच असायचा: अक्काला उचलायला कोण आहे? लग्न असो, बस्तीत पूजा असो (मंदिराला आम्ही बस्ती म्हणतो), नाटक असो. आणि आठ वर्षं त्याचं उत्तर मी होतो. एक हात पाठीमागून, एक गुडघ्यांखालून, आणि एका दमात वर. गल्लीतल्या बाया आईला म्हणायच्या, “पोरगं कसं फुलावानी उचलतंय बघा.” ते ऐकलं की माझी छाती अर्धा इंच फुगायची. लग्नाचं बघायला गेलो तर तिथंही माझ्याआधी हीच कीर्ती पोचलेली असायची.

तर सांगत होतो त्या सुट्टीच्या दिवसाचं. मी मिस्त्रींकडून हिरवीची किल्ली घेतली आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला लावली.

त्या गाडीबद्दल आज पन्नाशीतही मला नीट सांगता येत नाही. वाघबीळच्या चढाला मी पाय दाबला आणि गाडीनं मला पाठीत धरून वर ओढलं. वळणावर ती कलली नाही, हलली नाही, नुसती वळली. मी इंजिनं खोललेला माणूस. आत काय फिरतं, काय जळतं हे मला ठाऊक. तरी मी आ वासून बसलो होतो. माणसानं असलं काही बनवावं आणि ते माझ्या हातात यावं, याचं मला खरोखर नवल वाटत होतं. एकटाच असून मी मोठ्यानं “आयला” म्हणालो.

परतताना जोतिबाचा फाटा आला. त्या रस्त्याकडे मी सहसा बघत नसे. त्या दिवशी बघितलं, आणि माझी मलाच शरम वाटली. अक्काची गाडी घ्यायची आहे, अक्काच्या नोकरीसाठी, आणि मी इथं घाटात मजा मारतोय. हिरवी गाडी हवीय कुणाला? मला. अक्काला काय हवं? आराम. मऊ बैठक, ऐसपैस जागा, खड्डा न जाणवणं. तिच्या पाठीला आठ वर्षांचं दुखणं होतं आणि मी स्प्रिंगा कापायचं स्वप्न बघत होतो!

फाट्यापासून वर्कशॉपपर्यंत मी गाडी चाळीसच्या वर नेली नाही. उतरल्यावर किल्ली मिस्त्रींच्या हातात ठेवली आणि म्हणालो, “पांढरी.”

“माप?”

“माप कशाला, मिस्त्री? ती मोठी हाय हे आंधळ्यालाबी कळतंय.”

मिस्त्रींनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

मी तसाच पारीसशेठकडे गेलो, गाडी पसंत असल्याचा शब्द दिला, आणि पांढरी गाडी चालवत घरी आणली. आई दारातच होती. तिनं हळदी-कुंकवाचं ताट आणलं, बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक काढला, नारळ ओवाळून फोडला. आमच्याकडं गाडीला कुंकू लागलं की ती आपली झाली. मग ती परत करायची नसते. सून घरात आल्यासारखंच ते.

मला फार बरं वाटत होतं. मी एक मोठी गोष्ट सोडली होती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. असल्या मोठेपणाची चव गुळाच्या ताज्या काकवीसारखी असते, आतल्या आत बोट चाटत राहावंसं वाटतं.

अक्का आतल्या खोलीत कॉटवर बसली होती. महिन्याभरापूर्वी तिनं कॉटवरची एक गादी काढून टाकायला लावली होती, उकडतं म्हणून. कॉटशेजारच्या भिंतीवर पडदा टांगण्यासाठी तिनं खडूच्या उभ्या-आडव्या रेघा मारून ठेवल्या होत्या. पडदा काही अजून आला नव्हता. तिच्या कोपरावर निळा डाग होता. दंडावर आणखी एक होता, थोडा पिवळा पडलेला. मी ते सगळं बघितलं. बघितलं म्हणजे डोळ्यांपुढून गेलं.

“अक्का, पांढरी घेतली,” मी म्हणालो. “दिवाणखाना. तुला झोपूनबी जाता येईल.”

हातातली पेन्सिल तिनं कागदावर आडवी ठेवली.

“ठरवून आलास?”

“शब्द दिला. आईनं कुंकूबी लावलंय.”

“दाराचं माप किती, भूपा?”

“दाराचं?” मला हसूच आलं. “दाराचं काय करायचंय तुला? तुला मी उचलून बसवतोय की.”

मी त्या वेळी तिच्या तोंडाकडे बघत होतो, म्हणून मला आठवतं. तिचा चेहरा रागावला नाही, नाराजही झाला नाही. दुकानात आपण एक वस्तू मागावी आणि दुकानदारानं मोठ्या प्रेमानं भलतीच बांधून द्यावी, तेव्हा माणूस जसा बघतो तशी ती बघत होती.

“बरं,” ती म्हणाली. “उद्या सकाळी मला मिस्त्रींकडं ने. आईलाबी घे. आणि डॉक्टरांची गाडी अजून तिथंच असू दे म्हणावं.”

“आता कशाला ती?”

“बघायचीय. एवढं नाव ऐकलं तर बघू दे की मला.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पांढऱ्या गाडीतून उद्यमनगरात गेलो. मी नेहमीप्रमाणे अक्काला उचलून मागं बसवलं, खुर्ची घडी करून डिकीत टाकली, तिथं पोचल्यावर खुर्ची काढली, अक्काला काढलं. आई म्हणाली, “बघ, किती सोपं.”

मिस्त्रींनी हिरवी गाडी पांढरीच्या शेजारी लावूनच ठेवली होती. त्यांच्या हातात एक गुळगुळीत घासलेली शिसवी फळी होती, हातभर रुंद, अडीच हात लांब. ती त्यांनी अक्काच्या मांडीवर ठेवली. ठेवताना दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मला पहिल्यांदा शंका आली की इथं माझ्या पाठीमागं काहीतरी शिजलंय.

“आता ऐका,” अक्का म्हणाली. “मी दोन्ही गाड्यांत बसणार. कुणी हात लावायचा न्हाय. पडलो तरी न्हाय. आई, तू सुद्धा.”

“पडलो तरी म्हंजे?” आई म्हणाली.

“म्हंजे पडलो तरी.”

आधी तिनं पांढरीचं पुढचं दार उघडलं. चार दारांच्या गाडीचं पुढचं दार आखूड असतं. हे मी शंभर वेळा बघितलेलं, हजार वेळा उघडलेलं. त्या दिवशी ते मला दिसलं. खुर्ची तिरकी करून ती आत शिरायला लागली तर पुढचं चाक दाराला अडलं. ती मागं सरली, पुन्हा शिरली, मग मागचं चाक दोन दारांमधल्या खांबाला लागलं. तिनं फळी एका टोकानं मांडीखाली सारली, दुसरं टोक गाडीच्या बैठकीवर टेकवलं. मध्ये हातभर पोकळी राहिली. त्या पोकळीवरून ती मुठींवर जोर देऊन इंच-इंच सरकत गेली. गुडघे दारावर आपटले, तिला ते कळलं नाही, आईला कळलं. शेवटी बसली. कपाळावरून घाम गळत होता.

“बसलीस की गं!” आई रडवेली होऊन म्हणाली.

“बसलो. आता खुर्ची?”

खुर्ची बाहेर उभी होती. अक्कानं तिची घडी घातली, एका हातानं उचलली आणि आत ओढली. मांडीवर स्टेअरिंग, पाठीशी खांब. खुर्ची ना मागं जाईना ना पुढं. तिनं दोनदा, तीनदा ओढली. मग सोडून दिली.

“भूपा ठेवतोय की डिकीत,” आई म्हणाली.

“आणि कागलात कोण काढतंय?”

“तिथं शिपाई असंल कुणीतरी.”

“आणि वाटेत उसाचा रस प्यावा वाटला तर?”

माझे हात आपोआप पुढं गेले होते, एक पाठीमागं जायला, एक गुडघ्यांखाली. अक्कानं त्यांच्याकडे बघितलं आणि मी ते मागं घेतले. ती आली तशीच, इंच-इंच, बाहेर खुर्चीत गेली. त्याला बसण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मग ती हिरवीकडे गेली.

दोनच दारं असली की ती लांब असतात. मागच्या माणसालाही त्याच दारातून जायचं असतं ना! तिनं दार उघडलं तर ते उघडतच गेलं. खुर्ची सरळ आत गेली, बैठकीला चिकटली. मधला खांब पार मागं होता. फळी टेकवली, खाली पोकळी नव्हती.

“बुटकी हाय गं ती,” आई कुजबुजली. “खड्ड्यात उतरल्यावानी.”

“उतरायला सोपी, चढायला अवघड,” अक्का म्हणाली. “त्याची तयारी केलीया.”

ती सरकली. एकदा, दोनदा, तीनदा, आणि आत. मग सलवारीला धरून एक पाय उचलून आत ठेवला, मग दुसरा, जशा आपण पिशव्या नीट लावून ठेवतो. खुर्चीची घडी घातली. पुढची लहान चाकं गाडीच्या उंबऱ्यावर टेकवली. आता ती काय करते ते मला कळेना. तिनं बैठकीच्या बाजूची कळ ओढली, स्टेअरिंगवर पूर्ण ओणवी झाली, आणि पाठीची गादी तिच्या पाठीवर पुढं झुकली. त्या मोकळ्या झालेल्या जागेतून, न बघता, पाठीमागं हात घालून, दात ओठांवर रोवून ती खुर्ची ओढायला लागली. खुर्ची एक वीत आली. थांबली. आणखी एक वीत आली.

शेजारच्या शेडमधले दोन वेल्डर डोळ्यांवरचे काळे चष्मे कपाळावर चढवून येऊन उभे राहिले होते. मिस्त्री ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होते. आईनं माझं मनगट धरलं होतं, आणि तिची नखं रुतली होती हे मला घरी गेल्यावर कळलं.

खुर्ची धप्पकन मागं पडली. अक्का सरळ झाली, पाठ टेकली. हात लांब करून तिनं ते लांबलचक दार ओढलं आणि ते खटकन बंद झालं.

आत अक्का होती, बाहेर आम्ही. काच वर होती. आठ वर्षांत पहिल्यांदा ती अशा एका जागी बसली होती जिथं आम्ही कुणी तिला ठेवलं नव्हतं.

मी वाघबीळच्या चढाला ‘आयला’ म्हणालो होतो. इथं तेही सुचलं नाही. मला एवढंच आठवतं की मी आयुष्यात असलं काही बघितलं नव्हतं, आणि जे बघितलं ते माझ्याच घरात आठ वर्षं राहत होतं.

तिनं काच खाली केली. “किती?”

मिस्त्रींनी घड्याळ बघितलं. “अकरा मिंटं.”

“घरी कॉटवर नऊ होतात.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कॉट गाडीच्या बैठकीइतकी खाली यावी म्हणून काढलेली गादी. भिंतीवरच्या खडूच्या रेघा, ज्या पडद्याच्या नव्हत्याच. त्या दाराच्या होत्या, खांब कुठं येतो, छप्पर कुठं उतरतं, सगळं पुऱ्या मापात. कोपरावरचे निळे डाग. रोज दुपारी आई बस्तीत जायची आणि मी वर्कशॉपला असायचो, त्या दोन तासांत ही बाई रिकाम्या घरात कॉटवरून खुर्चीत आणि खुर्चीतून कॉटवर करत होती. पडत असणार. पडून, हातांवर रांगत, पुन्हा चढत असणार.

“मापं कुणी दिली तिला?” मी मिस्त्रींना विचारलं.

“मीच. महिना झाला, डॉक्टरांच्या घरी जाऊन टेप लावून आलो. गाडी विकायचीय हे पेपरात अक्कानंच वाचलं. तिनंच मला धाडलं.”

“मग मला का न्हाई सांगितलं?”

मिस्त्री टोपी काढून डोकं खाजवायला लागले. उत्तर गाडीतून आलं.

“सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, कशाला त्रास, मी हाय की.”

खरं होतं. अगदी हेच म्हणालो असतो. पिस्टनची रिंग बसवताना केसाइतकी झीज व्हर्निअर लावून मोजणारा मी. ज्या दारातून बहीण जन्मभर ये-जा करणार त्याला साधी फूटपट्टी लावावी असं मला वाटलं नाही, कारण माझ्या हिशेबी ती दारातून जाणारच नव्हती. तिला मी नेणार होतो.

आणि ज्या गाडीचा मी एवढा त्याग केला होता, तिच्याकडे बघायचंसुद्धा मला धाडस होईना.

“पण कुंकू लागलंय की त्या गाडीला,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच पोरकट वाटला. “शब्द दिलाय.”

आईनं माझं मनगट सोडलं. ती पांढऱ्या गाडीपाशी गेली. माझी आई म्हणजे कॅलेंडरवरच्या देवाचा कागदसुद्धा वर्ष संपलं म्हणून फाडू न देणारी बाई. तिनं पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं आणि बॉनेटवरचा स्वस्तिक पुसायला लागली. कुंकू काल उन्हात वाळलेलं, लवकर निघेना. ती घासत राहिली. पदर लाल झाला. बॉनेटवर उरलेला डाग पुढं दोन वर्षं, पारीसशेठची गाडी विकली जाईपर्यंत, फिकट गुलाबी दिसायचा, आणि शेठ भेटले की मला तो दाखवायचे.

“शेठला मी सांगतो,” आई म्हणाली. आणि मग गाडीतल्या अक्काला, जरा तुटकपणे, “सावकाश चालवायचं.”

एवढंच. पण त्या मोटरसायकलनंतर तिच्या तोंडून हे निघणं म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाच ठाऊक.

पुढचे बारा दिवस मी आणि मिस्त्रींनी त्या हिरव्या गाडीवर काम केलं. स्प्रिंगा कापल्या नाहीत. दांडा बसवला, स्टेअरिंगवर मूठ बसवली, बैठकीखाली तीन बोटांचा ठोकळा घालून ती उंच केली, म्हणजे बाहेर यायला चढ कमी. प्रत्येक वस्तूचं माप मी अक्काला विचारून घेतलं. तिच्या हाताची लांबी, खांद्यापासून मुठीपर्यंत, मी त्याच वेळी पहिल्यांदा मोजली. माझ्यापेक्षा दोनच बोटं कमी भरली. शिकाऊ लायसन्स अक्कानं मिस्त्रींकरवी महिन्याभरापूर्वीच काढून घेतलं होतं, तेव्हा आम्ही माळावर सराव केला. मी शेजारी बसायचो आणि माझ्या बाजूला नसलेला ब्रेक माझा पाय दाबत राहायचा. ती हसायची.

एक तारखेला सकाळी गाडी दारात उभी होती. परीक्षा होऊन कागद हातात आले होते. आईनं कुंकू लावलं, या वेळी नजर अक्काकडं होती म्हणून स्वस्तिकाची एक भुजा लांबली. अक्कानं निळी साडी नेसली होती; साडीत सरकायला जड जातं, पण पहिल्या दिवशी सलवार नको म्हणाली. साडेनऊ मिनिटं लागली. गल्ली सगळी दारात उभी होती आणि कुणीही ‘फुलावानी’ म्हणालं नाही.

मी गाडीच्या दाराशी होतो. सवयीनं. हात अर्धवट पुढं.

अक्कानं काच खाली केली.

“भूपा, बाजूला हो. वळवायची हाय.”

मी बाजूला झालो. गाडी वळली, कोपऱ्यावर तिचा लाल दिवा लागला, विझला, आणि गेली.

“पोचल्यावर फोन कर म्हटलंय तिला,” आई म्हणाली.

वीस किलोमीटर. अर्धा तास धरा, नवीन हात म्हणून पाऊण. दहा वाजता आई फोनजवळ जाऊन बसली. अकरा वाजले. मी वर्कशॉपला गेलो नाही. बारा वाजता मी म्हणालो, आपण करू या का? आई म्हणाली, नको. तिथले लोक काय म्हणतील? एक वाजता तिनं ताट वाढून माझ्यापुढं ठेवलं आणि स्वतः तशीच बसली. दोनला मी स्कूटरची किल्ली उचलली, आणि दारापर्यंत जाऊन परत खुंटीला लावली. ते किती अवघड होतं ते सांगत नाही. तीन, चार, पाच. त्या दुपारभर आम्ही दोघांनी जेवढे अपघात बघितले तेवढे उभ्या हायवेवर वर्षात होत नसतील.

सहाला हॉर्न वाजला.

हिरवी गाडी दारात उभी होती, पुढच्या काचेवर कागलच्या रस्त्याची धूळ घेऊन. अक्का आतून खुर्ची बाहेर ढकलत होती. साडीच्या पदरावर उसाच्या रसाचा डाग पडला होता. आई पायरीवरूनच ओरडली, “फोन का केला न्हाईस गं? दिवसभर जीव टांगणीला! एक फोन करायला काय झालं होतं तुला?”

अक्का फळीवरून सरकता सरकता थांबली. खरोखरच आठवायचा प्रयत्न केल्यासारखं तिनं आमच्याकडे बघितलं. आठ वर्षं तिला घोटभर पाणी हवं तर आमची आठवण काढावी लागायची. खिडकी लावायची तर, कूस बदलायची तर, दिवा घालवायचा तर. आम्ही घरात नसलो की ती आम्ही येईपर्यंतची मिनिटं मोजायची.

“अगं आई,” ती म्हणाली, आणि तिलाच त्याचं नवल वाटत होतं, “मी विसरलो की.”